बैलाचा खांदा आणि गाडीवानाची उचल

पशुवैद्यकीय पदवी घेऊन ओढकामाच्या जनावरांसाठी चालणाऱ्या फिरत्या दवाखान्यात रुजू होणाऱ्या नव्या मंडळींसाठी हा अनुभव लिहीत आहे. माझी सुरुवात पश्चिम महाराष्ट्रातील एका साखर कारखान्याच्या गाडीतळावर झाली. हंगामाच्या दुसऱ्याच आठवड्यात एका बैलाचा खांदा आलेला दिसला. जुवाखालची कातडी सोलून आतले मांस उघडे पडले होते, आणि मी गाडीवानाला तेथेच चार माणसांदेखत फैलावर घेतले. त्याने मान खाली घालून ऐकून घेतले आणि दुसऱ्या दिवसापासून आमचा तंबू टाळून तो पलीकडच्या वाटेने गाडी आणू लागला. त्या बैलाचा उपचार नऊ दिवस लांबला, आणि ती चूक माझी होती.

पुढे आमच्या वयस्कर मदतनिसांनी त्याला त्याच्या कोपीवर जाऊन गाठले, तेव्हा तो एवढेच म्हणाला, "ताई, उद्या गाडी नाही भरली तर उचल फिटायची कशी?" हंगामापूर्वी मुकादमाकडून घेतलेली उचल ही नवरा-बायकोच्या जोडीने, म्हणजे एका कोयत्याने, टनामागे मिळणाऱ्या मजुरीतून फेडायची असते. बैलाला आठ दिवस विश्रांती द्या, असे आपण सहज सांगतो. त्या आठ दिवसांत त्या घरात काहीच येत नाही आणि डोक्यावरची रक्कम मात्र तशीच राहते.

१९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आणि ओढकामाच्या जनावरांविषयीचे १९६५ चे नियम नवोदितांनी नीट वाचलेच पाहिजेत. दिवसभरात नऊ तासांहून अधिक काम नको, सलग पाच तासांहून अधिक जुंपणे नको, पारा ३७ अंशांच्या वर जात असेल तर दुपारी बारा ते तीन बैल गाडीला नको, हे सारे त्यात स्पष्ट आहे. मात्र वजनकाट्यापुढच्या रांगेत बैल तासन्‌तास जुंपलेलेच उभे राहतात, ते गाडीवानाच्या हौसेने नव्हे. त्यामुळे रांगेत बैल सोडता येतील अशी जागा आणि पाण्याचा हौद यांची मागणी कारखान्याच्या शेतकी खात्याकडे करावी. गाडीवानाला दिलेल्या दहा समजांपेक्षा मला याचा अधिक उपयोग झाला आहे.

खांद्याची जखम तपासताना गाडीही तपासावी, हे मला महाविद्यालयात कोणी शिकवले नव्हते. मोळ्या पुढच्या बाजूला जास्त रचल्या की गाडी धुरजड होते आणि सारा भार मानेवर येतो. जोडीतला एक बैल ठेंगणा असला की जू कलते. जुवाला तडा गेला असेल तर तेथेच कातडी कापली जाते. मोळ्या थोड्या मागे सरकवणे आणि जू तासून गुळगुळीत करणे यांना पैसा लागत नाही, आणि गाडीवान हे आनंदाने करतो, कारण गाडीचे तंत्र त्याला आपल्यापेक्षा अधिक कळते. जखमेवर जळके ऑइल लावलेले दिसले तर हसू नये; त्याच्याजवळ दुसरे औषध नव्हते.

बैल दाखवायला अनेकदा बायका येतात. मोळ्या वाहून त्यांच्या माना आणि कंबरा दुखत असतात, पण त्या स्वतःविषयी बोलत नाहीत. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला, तेव्हा मला माझ्या नोंदवहीतली पाने आठवली, ज्यांत प्रत्येक बैलाचे वय होते आणि बाईचे नावही नव्हते. आपण माणसांना औषधे देऊ नयेत. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात कोणत्या वारी डॉक्टर असतात हे विचारून ठेवावे आणि परतताना आपल्या गाडीतून त्यांना तेथे सोडावे.

पराणीच्या, म्हणजे बैल हाकायच्या काठीच्या, टोकाला बसवलेल्या अणकुचीदार आरीने भोसकलेला बैल समोर आला, तर मात्र मी उचलीची चौकशी करत बसत नाही. आर आधी काढायला लावते, बोलणे नंतर.

हंगाम संपताना प्रत्येक गाडीवानाच्या गावाचे नाव लिहून घ्यावे आणि त्याच्या तालुक्यातील पशुवैद्यकीय दवाखान्याचा पत्ता त्याला द्यावा. पेरणीपूर्वीच्या रिकाम्या आठवड्यांत जू खांद्यावर नसते, आणि जुनी जखम भरून यायला तेवढाच काळ मिळतो.