येझदीच्या हेडमधील प्लगचे गेलेले आटे नव्याने पाडताना

येझदी बनवणारा म्हैसूरचा कारखाना १९९६ साली बंद पडला, तरी रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात आणि अमळनेर-चोपड्याच्या रस्त्यांवर ही जुनी मोटारसायकल आजही अधूनमधून दिसते. तिच्या इंजिनात हमखास दगा देतात ते हेडमधील, म्हणजे सिलिंडरच्या वरच्या झाकणातील, स्पार्क प्लगचे आटे. प्लग पोलादी आणि हेड मऊ ॲल्युमिनियमचे. त्यात इंजिन तापलेले असतानाच प्लग खोलण्याची घाई आणि प्लगभोवती साचलेली काळ्या मातीची धूळ, यांमुळे ॲल्युमिनियम खरवडले जाते. प्लग आवळताना तो घट्ट न होता नुसता फिरत राहिला, किंवा त्याच्या बुडाशी तेलकट काळे डाग पडून फुसफुस ऐकू येऊ लागली, की आटे गेले असे समजावे. अशा वेळी टेफ्लॉन टेप गुंडाळून प्लग बसवण्याचा उपाय काही जण करतात; तो उपाय नव्हे, पुढच्या मोठ्या खर्चाची तयारी आहे.

तोंडाजवळचे एक-दोन आटेच चेपले असतील, तर १४ मिलिमीटर व्यास आणि १.२५ मिलिमीटर पिचचा (दोन आट्यांमधील अंतराचा) टॅप, म्हणजे आटे पाडण्याचे हत्यार, हाताने सावकाश फिरवून ते सरळ करता येतात. आटे पूर्णपणे निघून आले असतील, तर मात्र हेलिकॉइल, म्हणजे स्टेनलेस स्टीलच्या तारेची आटेदार गुंडाळी, बसवावी लागते. त्यासाठी मूळ छिद्र मोठे करून त्यात हेलिकॉइलच्या संचातील खास टॅपने नवे आटे पाडावे लागतात. साध्या टॅपने हे काम होत नाही.

हेड जागेवर ठेवून हे काम करू नये. माझ्या पहिल्या प्रयत्नात मी हाताच्या ड्रिलने छिद्र वाढवले आणि ते जेमतेम दोन अंश तिरके गेले; प्लगचे वॉशर एका बाजूनेच टेकू लागले आणि गळती पूर्वीपेक्षा वाढली. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर (भुसावळच्या मे महिन्यात हे काम पहाटेच करावे) हेडचे चार नट समोरासमोरच्या जोडीने थोडेथोडे सैल करावेत, हेड काढून स्वच्छ धुवावे आणि ते लेथवाल्याकडे न्यावे. शेतपंपांची कामे करणारी लेथची दुकाने आपल्याकडे तालुक्याच्या गावी सापडतात, परंतु कारागिराला हेडची गॅस्केटची (सिलिंडरवर टेकणारी) बाजू आधार न धरता प्लगचे वॉशर जिथे टेकते ती सपाट जागा आधार धरून छिद्र काटकोनात घेण्यास आवर्जून सांगावे, कारण सारे काम या एका काटकोनावर उभे आहे.

टॅप चालवताना रॉकेल वापरण्याची जुनी पद्धत आहे. ते मिळत नसेल तर डिझेल चालते. अर्धा फेरा पुढे आणि पाव फेरा मागे अशा लयीत टॅप फिरवावा, म्हणजे ॲल्युमिनियमचा बुरा तुटून बाहेर पडतो आणि आटे फाटत नाहीत. नंतर हवा मारून छिद्र कोरडे करावे आणि गुंडाळी तिच्या हत्याराने इतकी आत न्यावी, की तिचे वरचे टोक पृष्ठभागाच्या पाव ते अर्धा फेरा खाली बसेल. तिचे खालचे टोक ज्वलनकक्षात डोकावू देऊ नये. ते तापून लाल झाले तर स्फुल्लिंगाआधीच मिश्रण पेटण्याचा धोका असतो. बसवण्यापुरती असलेली आडवी जीभ लांब चोचीच्या पकडीने वर-खाली वाकवून तोडावी आणि तुकडा हातात आल्याची खात्री करून घ्यावी.

क्रँककेसच्या, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पेटीच्या, झाकणांच्या ६ मिलिमीटरच्या स्क्रूंचे आटेही अशाच रीतीने दुरुस्त होतात, तिथे ६.३ मिलिमीटरचे ड्रिल लागते. बुरा केसमध्ये पडू नये म्हणून ड्रिलच्या खाचांत घट्ट ग्रीस भरावे आणि तळाची खोली आधी मोजून ड्रिलवर टेपची खूण करावी.

घरात जुनी बुलेट असेल, तर येझदीचा अंदाज तिला लावू नये. येझदीचे आटे मेट्रिक मापाचे असतात, तर जुन्या बुलेटमध्ये ब्रिटिश मापाचे आटे भेटतात. ५/१६ इंचाचा बोल्ट ७.९४ मिलिमीटर भरतो आणि डोळ्यांना तो ८ मिलिमीटरचाच वाटतो, परंतु मेट्रिक आट्यांचा कोन ६० अंश आणि व्हिटवर्थ या ब्रिटिश आट्यांचा ५५ अंश असल्याने, शिवाय पिचही वेगळे असल्याने, दोन फेऱ्यांनंतर तो अडतो आणि पाना जोर लावून फिरवणारा माणूस चांगले आटे स्वतःच घालवतो. पिच मोजण्याचा पिचगेज स्वस्त मिळतो. तो आधी घ्यावा.

हेड परत बसवल्यावर प्लग नेहमी बोटांनी सुरू करावा आणि नव्या प्लगचे वॉशर टेकल्यानंतर पान्याने साधारण अर्धा फेराच आवळावा. इंजिन चालू करून प्लगच्या बुडाशी साबणाचे पाणी सोडावे. बुडबुडे आले नाहीत, तर गाडी एकदा धुळ्यापर्यंत नेऊन आणावी आणि इंजिन थंड झाल्यावर हेडचे नट पुन्हा तपासावेत.