थंडीत गाडी सेल्फ मारून मारून दमते? बॅटरी बदलायच्या आधी हे बघा

निफाड-नाशिक साइडला डिसेंबर-जानेवारीत पारा ५-६ अंशांवर उतरला की सकाळी एखादी अल्टो नाहीतर वॅगन-आर कुंथताना ऐकू येतेच, आणि शेजारचे काका न विचारता सांगून जातात, बॅटरी गेली तुझी. गेलीही असेल, पण नवीन घ्यायच्या आधी आवाज नीट ऐका, कारण सेल्फ रडत रडत फिरणं वेगळं आणि सेल्फ झक्कास फिरतोय पण इंजिन पकडतच नाही हे वेगळं. पहिल्यात करंट कमी पडतोय, दुसऱ्यात बहुतेक वेळा बॅटरीचा काही संबंध नसतो.

सेल्फ हळू फिरत असेल किंवा नुसतं कट-कट-कट वाजत असेल तर बॉनेट उघडा आणि बॅटरीच्या टर्मिनलवरचा क्लॅम्प हाताने पिळून बघा. जरा जरी हलला तरी चोर तिथेच आहे. बऱ्याचदा त्यावर पांढरी-हिरवी पावडर साठलेली असते, ती असली की बॅटरी चांगली असूनही करंट पुढे जात नाही. गाडी बंद करून दहाच्या पान्याने आधी निगेटिव्ह काढायचं, मग पॉझिटिव्ह, गरम पाण्यात खाण्याचा सोडा टाकून जुन्या ब्रशने घासायचं (फसफसतं, घाबरू नका, फक्त डोळ्यांत उडू देऊ नका), कोरडं करून लावताना आधी पॉझिटिव्ह, निगेटिव्ह शेवटी, वरून थोडं व्हॅसलीन. याला खर्च काही नाही आणि अर्ध्या लोकांचं काम इथेच होतं असं माझं मत. निगेटिव्हची वायर बॉडीला जिथे बोल्ट केलेली असते तिथला गंज पण बघा, तिकडे कोणी ढुंकूनही बघत नाही.

तरी नाही झालं तर साधा मल्टिमीटर लावा. रात्रभर उभ्या गाडीला १२.६ च्या आसपास व्होल्ट म्हणजे फुल चार्ज, १२.२ च्या खाली म्हणजे चार्जिंगला लावा, आणि सेल्फ मारताना साडेनऊच्या खाली कोसळत असेल तर बॅटरी दमलेलीच आहे. गाडी चालू झाल्यावर १३.८ ते १४.५ दिसलं पाहिजे, नाही दिसलं तर दोष अल्टरनेटर (चालत्या गाडीत बॅटरी चार्ज करतो तो), बेल्ट नाहीतर वायरिंगमधे, नवीन बॅटरी टाकलीत तर तीही बसेल. डॅशकॅम, जीपीएस ट्रॅकर वगैरे रात्रभर करंट पीत बसतात ते पण लक्षात घ्या, आणि रोज नुसतं भाजी आणायला दोन किलोमीटर चालवलीत तर बॅटरी भरणार कधी?

ऑइल पण एक कारण आहे. जुन्या गाडीत गॅरेजवाला सरसकट २०डब्ल्यू५० ओततो, थंडीत ते घट्ट होतं आणि सेल्फवर लोड येतो. मॅन्युअलमधे जो ग्रेड दिलाय तोच टाकायला सांगा.

आता दुसरा प्रकार, सेल्फ फिरतोय पण इंजिन उचलत नाही. चावी ऑन करून थांबा, मागच्या सीटखालून दोन-तीन सेकंद पंपाची घरघर आली पाहिजे. चावी ऑफ-ऑन असं दोन-तीनदा करून मग सेल्फ मारला आणि पटकन चालू झाली तर रात्रभरात पेट्रोल लाइनचं प्रेशर उतरतंय असं समजा. घरघरच नाही तर फ्यूज, रिले, पंप बघा. सीएनजीवाल्यांनी इथे जरा मनावर घ्या, बऱ्याच गाड्या स्टार्ट पेट्रोलवर होतात आणि मग सीएनजीवर जातात, पण टाकीत महिनोनमहिने तळाला तेच शिळं पेट्रोल, मग सकाळी नखरे होणारच. टाकीत थोडं ताजं पेट्रोल ठेवा, आठवड्यातून थोडी पेट्रोलवर चालवा.

स्पार्क प्लग काढून बघा, काळा-ओला असेल किंवा गॅप वाढला असेल तर बदला. आणि एक गोष्ट जी पटकन सापडत नाही, कूलंट टेंपरेचर सेन्सर. तो बिघडला की ईसीयूला, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरला, वाटतं इंजिन गरम आहे आणि तो पेट्रोल कमी सोडतो. गाडीच्या सेन्सरचं रीडिंग मोबाइलवर दाखवणारा ब्लूटूथ स्कॅनर लावून सकाळी बघा, बाहेर ८ अंश आणि गाडी सांगतेय ७० तर चोर पकडला. थंडीत उंदीर बॉनेटखाली येऊन बसतात, कुरतडलेली वायर पण तपासा.

स्टार्ट करताना एसी, लाइट, म्युझिक बंद, क्लच पूर्ण दाबलेला, सेल्फ दहा सेकंदांच्या वर नाही, मधे अर्धा मिनिट तरी थांबा. पेट्रोलचा वास यायला लागला तर फ्लड झालीय, म्हणजे इंजिनात पेट्रोल जास्त गेलंय, एक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारा, इंजेक्शनच्या बहुतेक गाड्यांत त्याने पेट्रोल बंद होतं. डिझेल असेल तर डॅशबोर्डवरची कॉइलची लाइट विझेपर्यंत सेल्फला हात लावू नका, आणि लाइट विझूनही रोज त्रास देत असेल तर हीटर प्लग (सेल्फ मारण्याआधी इंजिन आतून गरम करतात ते) चेक करून घ्या.