दोन्ही कानांचा मिक्स्ड लॉस: सोलापुरात नव्याने ऑडिओमेट्री (ऐकण्याची तपासणी) करायला बसणाऱ्यांसाठी

लहानपणापासून कान वाहतोय आणि उमेदीची वर्षं यंत्रमागावर गेली, असा पेशंट सोलापूरच्या ओपीडीत तुम्हाला भेटणारच. पुवाने पडदा गेलेला, खडखडाटाने आतला कान गेलेला, तेही दोन्हीकडे. मिक्स्ड लॉस तो हाच: आवाज आत पोचण्यातला दोष आणि आतल्या कानाचा दोष एकत्र. रात्रपाळी करून थेट आला असेल तर त्याला तपासू नका. थ्रेशोल्ड (जेमतेम ऐकू येणारी पातळी) तात्पुरते वाढलेले, म्हणजे बिघडलेले असतात. निदान १४ ते १६ तास तो आवाजापासून लांब हवा, म्हणून सुट्टीनंतरच्या सकाळी बोलवा.

आता नवखे हमखास फसतात ती जागा. मास्किंगशिवाय, म्हणजे दुसऱ्या कानात नॉइज सोडून तो झाकल्याशिवाय, व्हायब्रेटर कुठल्याही मॅस्टॉइडवर (कानामागच्या हाडावर) ठेवा, ऐकतो तो चांगला कॉक्लियाच (आतला कान). कवटीतून पलीकडे जाताना आवाज जवळपास घटतच नाही. समजा १००० हर्ट्झला दोन्हीकडे एअर (हेडफोनने) ७० डेसिबल, बोन (हाडावरून) ३०. ‘दोन्ही सारखेच आहेत, मास्किंग कशाला?’ असं म्हणणारा सीनियर प्रत्येक ठिकाणी असतो. त्याचं ऐकू नका. ते ३० एकट्या उजव्याचे असतील आणि डाव्याचे खरे ५५. मग डाव्याचा ४० दिसणारा गॅप (एअर आणि बोनमधला फरक) १५ वर येतो. टिम्पॅनोप्लास्टीने (पडद्याच्या ऑपरेशनने) पडदा बसेल, पण ऐकू फारसं वाढणार नाही, आणि बोल सर्जनला लागेल.

मास्किंग करावं तर दुसरा पेच. उजवा तपासताना डाव्यात नॉइज ७० अधिक १०, म्हणजे ८० पासून सुरू होतो. साध्या हेडफोनवर त्यातले ४० घटतात आणि उरलेले ४० उजव्या कॉक्लियात पोचतात. त्याचा थ्रेशोल्ड आहे ३०! जो कान तपासायचा तोच झाकला गेला. नॉइज वाढवाल तसा बोनही वर सरकत राहतो, प्लॅटो, म्हणजे नॉइज वाढवूनही बोन स्थिर राहण्याचा टप्पा, येतच नाही. इन्सर्ट फोन (कानाच्या नळीत बसणारा) लावला तर साधारण ५५ घटतात, पलीकडे २५ च जातात, आणि थोडा का होईना प्लॅटो हाती लागतो. कान वाहत असेल तर इन्सर्ट घालू नका; आधी कान कोरडा होऊ द्या, मग बोलवा. तरीही जमलं नाही तर ‘मास्किंग डायलेमा, बोन कानानुसार ठरवता आला नाही’ असं रिपोर्टवर लिहा. त्यात काही कमीपणा नाही. एका पेशंटला तासभर लागला तरी बिघडत नाही, हात बसतो. ऑटो-मास्किंगच्या बटणाला मात्र शिकताना हात लावू नका. त्यावर शिकलेल्याला प्लॅटो ओळखता येत नाही, हे माझं ठाम मत आहे.

उलटाही सापळा आहे. एअर ९० च्या पुढे आणि २५० ला बोन २५-३०, ५०० ला ५५ च्या आसपास आला, तर पेशंट थरथर जाणवून बटण दाबत असेल, म्हणजे गॅप खोटा असेल. ‘ऐकू आलं की नुसतं हललं?’ हे सरळ विचारा. टिम्पॅनोग्राम टाइप ए असेल, म्हणजे पडदा दाबाला नीट हलत असेल, तर जास्तच शंका घ्या. अर्थात ऑटोस्क्लेरोसिसमध्येही (मधल्या कानातलं हाड जखडतं तेव्हा) टाइप ए येतो. तिथे २००० ला खचलेला बोन ऑपरेशननंतर बराचसा परत येतो, म्हणून तो सगळा नसेचा दोष धरू नका.

स्पीच टेस्टआधी घरची भाषा विचारा. आपल्याकडे विणकरांच्या घरात तेलुगू, अक्कलकोटकडे कन्नड. मराठी शब्दांच्या यादीवर पडलेला स्कोअर कानाचा की भाषेचा, हे मग कळत नाही.

रिपोर्टवर मास्क केलेल्याची चिन्हं वेगळी हवीत: एअरला उजवीकडे लाल त्रिकोण, डावीकडे निळा चौकोन, बोनला चौकोनी कंस. ट्रान्सड्यूसर (हेडफोन की इन्सर्ट) कोणता, नॉइज किती, तेही लिहा. दोन्ही कानांच्या मिक्स्ड लॉसचा आयसीडी कोड एच ९०.६. पेशंट दिव्यांग प्रमाणपत्राचं विचारतोच. २०१६ च्या कायद्यात दोन्ही कानांत ६० डेसिबलपासून पुढे विचार होतो, आणि वाहत्या कानाचा आकडा औषधाने बदलू शकतो, हे त्याला आधीच सांगा.

पडदा फाटका असेल तर जेंटामायसिनचे थेंब आतल्या कानाला घातक. ऐकण्याचं मशीन बसवताना सॉफ्टवेअरमध्ये बोनचे आकडे भरा. ते रिकामे ठेवले तर गॅपसाठी लागणारा जादा गेन (आवाजाची वाढ) मिळत नाही आणि ‘मशीन हळू वाजतंय’ म्हणत पेशंट परत येतो. कान कोरडाच राहत नसेल तर मोल्डचा (कानात बसवायच्या साच्याचा) हट्ट सोडा आणि बोन कंडक्शन मशीन लावून बघा.