एक्सरसाइज सायन्सला जाताना: तयारीची यादी, त्यात सीपीआरच्या कार्डाबद्दल जरा जास्तच

सगळ्यात आधी सीपीआर-एईडीचं कार्ड, म्हणजे हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती दाबणं (सीपीआर) आणि विजेचा झटका देणारं यंत्र (एईडी) वापरणं येतं याचा दाखला. गुणपत्रिका, फी, चादरी-उशा हे प्रत्येक जण करतोच, त्यावर शब्द घालवत नाही. कार्डाला मात्र सगळे ‘बघू नंतर’ म्हणतात आणि इंटर्नशिपचा पहिला दिवस नेमका त्याच्यापायी हुकतो. अमेरिकेतल्या ख्रिस्ती विद्यापीठांत एक्सरसाइज सायन्स किंवा शारीरिक शिक्षण घेणाऱ्यांसाठी ही यादी आहे. तिच्यात कार्ड वरचेवर येईल. कंटाळा आला तरी वाचा.

कार्ड अमेरिकन हार्ट असोसिएशनचं आणि त्यातही बीएलएसचं (बेसिक लाइफ सपोर्ट, आरोग्यसेवेत काम करणाऱ्यांसाठीचा वर्ग) घ्या. हार्टसेव्हर हा सर्वसामान्यांसाठीचा वर्ग आहे. त्यावर कॅम्पसच्या जिममध्ये काम मिळेल, पण रुग्णालयातल्या कार्डिअ‍ॅक रिहॅबला (हृदयरुग्णांच्या पुनर्वसनाला) सहसा बीएलएसच लागतं, मग दोनदा पैसे कशाला भरायचे? वर्गाचा एक प्रकार दोन तुकड्यांत येतो: अर्धा संगणकावर, अर्धा सरावाच्या पुतळ्यावर. संगणकाचा भाग संपला की एक देखणं प्रमाणपत्र छापून घेता येतं. ते कार्ड नव्हे. पुन्हा वाचा: ते कार्ड नव्हे. मिनिटाला १०० ते १२० दाब, किमान ५ सेंटिमीटर खोल पण ६ च्या पुढे नाही, ३० दाबांमागे २ श्वास, हे पुतळ्यावर करून दाखवल्यावरच कार्ड निघतं. वेग बहुतेकांना जमतो. घोळ होतो तो दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ देण्यात, कारण दमलेला माणूस नकळत पुतळ्यावर रेलून राहतो. कार्ड ई-मेलने येतं आणि त्यातल्या दुव्यावर जाऊन ते स्वतः ताब्यात घ्यावं लागतं. तो ई-मेल स्पॅममध्ये पडला तर कार्ड निघालेलं असूनही तुमच्या हातात काही नसतं. ‘घरबसल्या अर्ध्या तासात सीपीआर’ असल्या जाहिरातींकडे ढुंकूनही बघू नका. व्यायाम क्षेत्रातली प्रमाणपत्रं देणारी एसीएसएम असो की एनएससीए, प्रत्यक्ष कौशल्य तपासलेलं नसेल तर चालत नाही.

आता अभ्यासक्रम. एक्सरसाइज सायन्स आणि पीई (शारीरिक शिक्षण) शिक्षक हे दोन वेगळे रस्ते आहेत. पहिल्या वर्षात वर्ग बरेचसे सारखे असल्याने ते एकच वाटतात. शिक्षक व्हायचं तर शिक्षणशास्त्राचे वर्ग, शाळेतले निरीक्षणाचे तास, खेळ-पोहणं-नृत्याचे एकेका क्रेडिटचे वर्ग आणि शेवटी एक पूर्ण सत्र शाळेत शिकवणं, असं सगळं १२० च्या आसपासच्या क्रेडिटांत बसवायचं असतं. तिसऱ्या वर्षी रस्ता बदललात तर एखादं वर्ष वाढलंच म्हणून समजा. फिजिओथेरपीकडे जायचं असेल तर पदवीची अट आणि पुढच्या डीपीटीची (फिजिओथेरपीतल्या डॉक्टरेटची) अट या वेगळ्या गोष्टी आहेत. बायोमेकॅनिक्सचा वर्ग झाला म्हणजे भौतिकशास्त्र झालं, असं होत नाही. डीपीटीला बहुतेक ठिकाणी लॅबसकट दोन सत्रांचं भौतिकशास्त्र आणि दोन सत्रांचं रसायनशास्त्र लागतं, ते आपणहून घ्यावं लागतं. अ‍ॅथलेटिक ट्रेनर व्हायचं असेल तर तो रस्ता आता पदव्युत्तर पातळीवरून जातो. पदवीतच होईल असं कुणी सांगितलं तर ती माहिती जुनी आहे.

खरी मेख वर्गांच्या साखळीत असते. अ‍ॅनाटमी-फिजिऑलॉजीचा पहिला भाग, मग दुसरा, मग एक्सरसाइज फिजिऑलॉजी, मग टेस्टिंग अँड प्रिस्क्रिप्शन (क्षमतेच्या चाचण्या आणि त्यावरून व्यायाम ठरवणं), मग इंटर्नशिप. छोट्या विद्यापीठांत यातले काही वर्ग वर्षातून एकदाच भरतात. पहिल्या भागात ‘सी’ च्या खाली गेलात तर पुढचं दार वर्षभर बंद. त्या सत्रात दुसरा जड विषय घेऊ नका. बायबलचे वर्ग अनिवार्य असतात, ते हलके समजून त्यात कोंबू नका, निबंध भरपूर असतात. आणि ते वर्ग बाहेरून करून आणलेले चालतीलच असं नाही. विज्ञानाचे क्रेडिट एखाद वेळी हस्तांतरित होतात, धर्मशास्त्राचे मात्र आमच्याकडेच करा असा आग्रह असू शकतो. आधी लेखी विचारा.

ख्रिस्ती बाजूचे कागद. पाळकाचं शिफारसपत्र बरीच विद्यापीठं मागतात. नातेवाईक पाळक असला तरी चालत नाही आणि दोन रविवार आधी ओळख झालेल्याने लिहिलेलं पत्र वाचताच कळतं, तेव्हा काही महिने आधी सांगून ठेवा. तुम्ही ख्रिस्ती नसाल तर पर्याय आहे का हे प्रवेश कार्यालयाला सरळ विचारा. श्रद्धेची लेखी कबुली काही ठिकाणी विद्यार्थ्यांकडून घेतात, तर काही ठिकाणी ती फक्त प्राध्यापकांना लागते. आचारसंहिता सही करण्याआधी शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. दारू, तंबाखू, लैंगिक वर्तन यांचे नियम कित्येक ठिकाणी कॅम्पसबाहेर आणि सुट्टीतही लागू असतात.

श्रद्धेवरच्या निबंधात ‘शरीर हे पवित्र आत्म्याचं मंदिर’ लिहिण्याचा मोह आवरा. एक तर अर्जांच्या गठ्ठ्यात ते वरचेवर येतं. दुसरं म्हणजे करिंथकरांस पहिल्या पत्राच्या त्या सहाव्या अध्यायात पौल व्यायामाबद्दल बोलतच नाही, लैंगिक अनीतीबद्दल बोलतो, आणि निबंध वाचणाऱ्याला ते पाठ असतं. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रातलं ४:८ घेतलंत तर आणखी पंचाईत, कारण तिथे व्यायामाचा उपयोग थोडा आणि सुभक्तीचा सर्व बाबतींत असं म्हटलं आहे. धर्मशास्त्र शिकलेल्या जेम्स नेस्मिथने १८९१ साली स्प्रिंगफील्डच्या वायएमसीए प्रशिक्षणशाळेत बास्केटबॉल तयार केला, हेही बरेच जण लिहितात. त्यापेक्षा वर्गातल्या सगळ्यात मागे पडणाऱ्या मुलाला तुम्ही खेळात कसं घ्याल, हे चार ठोस ओळींत लिहा.

चॅपलचं, म्हणजे कॅम्पसवरच्या उपासनेच्या हजेरीचं, गणित पहिल्याच आठवड्यात समजून घ्या. बेलर विद्यापीठात पदवीसाठी दोन सत्रांचं चॅपल लागतं, कॅल्विन विद्यापीठात ते असतं पण ऐच्छिक. मधल्या हजार तऱ्हा आहेत. हजेरी ओळखपत्र स्कॅन करून लागते, कमी पडली तर दंड होतो किंवा नोंदणी अडते. आपल्या विषयात अडचण अशी की शाळेतले निरीक्षणाचे तास आणि चॅपल दोन्ही सकाळीच येतात. सूट बहुधा मिळते, पण सत्राच्या सुरुवातीला अर्ज केला तरच. नंतर केलेली रडारड कुणी ऐकत नाही.

लॅबचं सामान थोडकं: दोन नळ्यांचं चांगलं स्टेथोस्कोप, काटा असलेलं रक्तदाबयंत्र, गोनिओमीटर (सांध्याचा कोन मोजायचं साधन), स्टॉपवॉच. चरबी मोजायचा कॅलिपर विकत घेऊ नका, विभागाकडे असतो. कपड्यांचं आधी विचारा, कारण पॅल्पेशनच्या (हाताने चाचपून हाडं-स्नायू ओळखण्याच्या) लॅबमध्ये खांद्याचं पातं आणि कंबरेचं हाड उघडं लागतं आणि विद्यापीठाचा पेहरावाचा नियम वेगळं काही सांगत असू शकतो. दोन्हींत बसेल असा एक जोड ठेवा. शवविच्छेदन असेल तर कॉन्टॅक्ट लेन्स घालू नका आणि त्या दिवशीचे बूट वेगळे ठेवा.

लॅबमध्ये तुम्हीच प्रयोगाचा विषय असता. कमाल ऑक्सिजन चाचणीच्या दिवशी दोन-तीन तास आधी जड खाणं नको, कॉफी नको, आदल्या दिवशी जोरकस व्यायाम नको. ट्रेडमिलवरची ब्रूस पद्धत ताशी १.७ मैल आणि १० टक्के चढावर सुरू होते आणि दर तीन मिनिटांनी दोन्ही वाढतात. पहिला टप्पा सोपा वाटतो म्हणून गप्पा मारणारा चौथ्यात गप्प होतो. विंगेट चाचणी फक्त ३० सेकंदांची, सायकलवर वजनाच्या साडेसात टक्के रोध. नंतर उलटी होणं नवीन नाही, बादली जवळ ठेवा. स्किनफोल्ड, म्हणजे कातडीच्या चिमट्यावरून चरबीची मोजणी, व्यायामाआधी, कोरड्या त्वचेवर, लोशन न लावता, शरीराच्या उजव्या बाजूला. चिमटा धरल्यावर एक-दोन सेकंदांत आकडा वाचा, उशीर केलात तर चरबी दबून तो कमी येतो. रक्तदाब पाच मिनिटं शांत बसवून, हात हृदयाच्या पातळीला ठेवून घ्या. पट्टा लहान पडला तर आकडा खोटा चढतो. धडधाकट खेळाडूला उच्च रक्तदाब ‘सापडतो’ तो बहुतेक वेळा तिथेच.

आणि कार्ड. त्याची तारीख बघितलीत का? कार्ड दोन वर्षं चालतं, निघालेल्या महिन्याच्या अखेरपर्यंत. पहिलं वर्ष सुरू होताना ऑगस्टमध्ये काढलेलं कार्ड तिसरं वर्ष सुरू होताना संपतं, म्हणजे टेस्टिंगची लॅब आणि इंटर्नशिपचे कागद अंगावर येतात तेव्हाच. म्हणून तिसऱ्या वर्षाआधीच्या ऑगस्टमध्ये, मुदत संपायच्या आत, नूतनीकरण करा. ते पदवीनंतरच्या उन्हाळ्यापर्यंत पुरतं, इंटर्नशिप आणि प्रमाणपत्राची परीक्षा त्यातच होऊन जाते. मुदत उलटली तर पूर्ण वर्ग नव्याने करावा लागतो असं धरून चाला. तारीख फोनमध्ये तीन महिने आधीच्या आठवणीसह टाका. आत्ता टाका, मग पुढचं वाचा.

शाळेत पाऊल ठेवण्याआधी बोटांचे ठसे आणि पार्श्वभूमी तपासणी. राज्यागणिक नियम वेगळे आणि आठवडे लागू शकतात. क्षयाची चाचणी, लसी, दायित्व विमा बहुतेक जागा मागतात. एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावर असाल तर बाहेरच्या इंटर्नशिपला सीपीटीची (अभ्यासक्रमाचा भाग म्हणून काम करण्याच्या परवानगीची) नोंद आय-२० या विद्यापीठाच्या कागदावर आल्याशिवाय एक तासही भरू नका, पगार नसला तरी. इंटर्नशिपची जागा एक सत्र आधी धरा. करारावर विद्यापीठ आणि ती संस्था दोघांच्या सह्या लागतात, तिथे वेळ जातो. पाकिटात कार्ड, म्हणजे बीएलएसचं. संगणकावरचं प्रमाणपत्र नव्हे.

शेवटचं वर्ष, थोडक्यात. एसीएसएमची एक्सरसाइज फिजिऑलॉजिस्ट परीक्षा द्यायची तर पदवी याच विषयातली आणि चालू कार्ड. एनएससीएच्या सीएससीएस या स्ट्रेंथ-कंडिशनिंग प्रशिक्षकाच्या प्रमाणपत्राला २०३० पासून मान्यताप्राप्त कार्यक्रमाचीच पदवी लागणार असल्याचं जाहीर झालं आहे, तेव्हा विभागाला मान्यता आहे का, की नुसती अर्ज केल्याची बोलवा आहे, ते विचारा. शिक्षकांना राज्याची परीक्षा: टेक्सासात टेक्सेस, कॅलिफोर्नियात सीसेट, बऱ्याच इतर राज्यांत प्रॅक्सिस. दुसऱ्या राज्यात नोकरी करायची असेल तर तिथले परवान्याचे नियम अर्ज करण्याआधी वाचा. पदवीच्या तपासणीत चॅपलचा आकडा वेगळ्या रकान्यात असतो, तो फेब्रुवारीतच बघून घ्या.