जुन्या ट्रॅक्टरची लिफ्ट कमजोर झालीय? पंप बदलायच्या आधी हे बघून घ्या

लिफ्ट, म्हणजे मागचं अवजार उचलणारी हायड्रोलिक, काम करत नाही म्हणलं की मिस्त्रीचं पहिलं बोट पंपाकडे जातं, आणि त्यात सगळ्यात महाग पंपच. म्हणून आधी हे ठरवा की तुमची लिफ्ट उचलत नाही का उचलून धरत नाही, कारण हे दोन वेगळे आजार आहेत. उचलताना कुंथते, अर्ध्यात थांबते, रेस दिली तरच वर येते, तर गडबड ऑइल, फिल्टर, पंप, रिलीफ व्हॉल्व्ह (जास्तीचं प्रेशर सोडून देणारा) या बाजूला शोधायची. वर झटकन जाते पण ट्रॅक्टर बंद केला की पाच-दहा मिनिटांत रोटर (रोटाव्हेटर) जमिनीला टेकतो, किंवा चालू असताना सारख्या उसळ्या मारत बसते, तर तिथं बहुतेक वेळा सिलेंडरचं सील नाहीतर कंट्रोल व्हॉल्व्ह गळत असतो, नवीन पंप टाकून काहीही फरक पडणार नाही.

सुरू करायच्या आधी एक गोष्ट, वर उचललेल्या अवजाराखाली जायचं नाही, म्हणजे नाहीच. अवजार पूर्ण खाली टेकवा, इंजिन बंद करा, मगच पाना लावा. खाली बघावंच लागलं तर जाड लाकडी ठोकळे लावा, विटा नको, विट फुटते. आणि पाईप कुठं गळतोय हे हाताने चाचपडून बघू नका, प्रेशरचं ऑइल बारीक भोकातून निघालं तर कातडीच्या आत घुसतं आणि मग सरळ ऑपरेशन. पुठ्ठ्याचा तुकडा धरून बघा.

आता वजन. निफाड, दिंडोरी, पिंपळगाव बाजूला द्राक्षवाल्यांकडे हे फार होतं, ट्रॅक्टर जुना आणि ब्लोअर, म्हणजे औषध फवारायचं यंत्र, नवीन मोठा. ४०० लिटरची टाकी म्हणजे नुसतं पाणीच ४०० किलो, वर फॅन, पंप, फ्रेम, आणि हे सगळं मागे लांब लटकलेलं. ३५-४० एचपीच्या बऱ्याच जुन्या ट्रॅक्टरची क्षमता १००० ते १२०० किलोच्या आसपास सांगतात, पण ती लोअर लिंकच्या, म्हणजे अवजार जोडायच्या खालच्या दोन दांड्यांच्या, टोकाला मोजलेली असते, वजन जेवढं मागे तेवढी ती कमी होत जाते. त्यामुळे टाकी रिकामी करून उचलून बघा. रिकामी आरामात उठली आणि भरलेली नाही, तर लिफ्ट खराबच असेल असं नाही. काही ट्रॅक्टरला लोअर लिंकवर लिफ्ट रॉड (तिला वर ओढणारा उभा रॉड) लावायला दोन भोकं असतात, मागच्या भोकात रॉड टाकला तर उंची थोडी कमी मिळते पण ताकद वाढते. पाच मिनिटांचं काम आहे, कुणी करत नाही.

मग ऑइल. सपाट जागेवर ट्रॅक्टर उभा करा, लिफ्ट पूर्ण खाली, इंजिन बंद, थोडा वेळ थांबा आणि पट्टी काढून लेव्हल बघा. लिफ्ट वर ठेवून बघितली तर सिलेंडरमधे गेलेलं ऑइल मोजलं जात नाही आणि तुम्ही उगाच जास्त भरता. ऑइल दुधाळ दिसलं तर पाणी गेलंय, पावसाळ्यात उघड्यावर उभ्या ट्रॅक्टरमधे आणि प्रेशरने धुणाऱ्यांकडे हे होतंच. फेस दिसला तर कुठून तरी हवा ओढतोय. काळं आणि जळका वास असेल तर बदलाच. मॅसीसारख्या ट्रॅक्टरमधे पंप मागच्या बॉडीत ऑइलातच बुडालेला असतो आणि गिअरचं, हायड्रोलिकचं ऑइल एकच, त्यामुळे खोलाल तेव्हा भरपूर निघतं, २० लिटरचे दोन डबे जवळ ठेवा. भरताना पुस्तकात सांगितलेल्या ग्रेडचंच भरा. इंजिनचं काढलेलं जळकं ऑइल "तेवढंच तर टॉप-अप करायचंय" म्हणून टाकणारे लोक आहेत, त्यांच्याशी वाद घालू नका पण ऐकूही नका.

ऑइल ठीक असेल तर सक्शनचा फिल्टर, जाळी काढा. जुन्या ट्रॅक्टरमधे माझा पहिला संशय कायम हिच्यावर असतो. पंपाला ऑइलच मिळेना तर तो बिचारा काय ढकलणार. डिझेलने धुवा, आतून बाहेर हवा मारा, आणि धुण्याआधी जाळीला काय चिकटलंय ते बोटावर घेऊन उन्हात बघा. काळी बारीक पेस्ट असेल तर नेहमीची झीज. पितळेसारखी चमक दिसली किंवा चुंबकाला चिकटणारे खडे निघाले तर आत काहीतरी तुटतंय, तिथं मात्र मिस्त्रीला बोलवा. कागदी फिल्टर असेल तर धुवायचा नाही, नवीन टाकायचा. जाळी परत बसवताना ओरिंग (रबराची गोल रिंग) नवीनच टाका, जुनी कडक झालेली असते आणि तिथूनच हवा ओढली जाते. तेव्हा पंप शिट्टी मारल्यासारखा आवाज करतो आणि लिफ्ट आचके देत वर येते.

आता सकाळ-दुपारची तपासणी, ही फुकट आहे आणि फार कामाची. डिसेंबर-जानेवारीत निफाडकडे पारा ४-५ अंशांवर येतो, तेव्हा पहाटे लिफ्ट सुस्त आणि ऊन पडल्यावर बरी चालते, तर ऑइल थंडीने घट्ट होतंय किंवा जाळी अर्धी बंद आहे, गार घट्ट ऑइल तिच्यातून निघत नाही. उलट सकाळी मस्त उचलते आणि दुपारी दोन-तीन तास रोटर मारल्यावर दम सोडते, तर ऑइल गरम होऊन पातळ झालंय आणि झिजलेल्या भागांमधून आतल्या आत परत पळतंय. हे लक्षण असेल तर पंपावर संशय घ्यायला हरकत नाही.

लिव्हर पण बघा. ड्राफ्ट (ओढीप्रमाणे अवजार वर-खाली करणारा) आणि पोझिशन (ठरलेल्या उंचीवर धरणारा) असे दोन लिव्हर असतील आणि ड्राफ्टवाला कुठंतरी मधेच अडकलेला असेल तर लिफ्ट अर्ध्यावर थांबते आणि माणूस पंप खोलायला निघतो. ब्लोअर, वाहतूक यासाठी पोझिशनच वापरायचा. ट्रॉलीच्या जॅकला ऑइल देणारा कॉक अर्धवट उघडा राहिला तरी तेच.

एवढं करून फरक नाही तर प्रेशर गेज. २५० बारचं गेज ट्रॉलीच्या पॉईंटला लावा, मध्यम रेसवर लिव्हर पूर्ण वर, दोन-तीन सेकंद वाचून लगेच सोडा, जास्त वेळ धरू नका. आकडा पुस्तकाशी जुळवा, आणि गरम झाल्यावर परत एकदा घ्या. प्रेशर पुरेसं असूनही उचलत नसेल तर दोष सिलेंडरमधे, जाम झालेल्या शाफ्ट-बुशमधे नाहीतर वजनात. प्रेशर कमी असेल तर आधी रिलीफ व्हॉल्व्ह काढून साफ करा, सीटवर कचरा बसला की तो उघडाच राहतो. त्यानंतरही कमीच असेल तरच पंप. पण रिलीफमधे वॉशर वाढवून प्रेशर चढवायचा उद्योग करू नका, "दोन वॉशर टाका, बघा कशी उचलते" असं सांगणारे भेटतात, उचलते खरी, पण मग पाईप फुटतो नाहीतर वरचं कव्हर तडकतं.

लिफ्ट उचलून धरत नसेल, आपोआप खाली बसत असेल तर वजन लावून वर करा, इंजिन बंद करा, लोअर लिंकची उंची टेपने मोजा आणि दहा मिनिटांनी परत मोजा. थोडीफार उतरणं जुन्या ट्रॅक्टरमधे चालतं, वीतभर उतरली तर पिस्टनचं सील गेलंय नाहीतर कंट्रोल व्हॉल्व्ह गळतोय. सील किट पंपाच्या मानाने स्वस्त असतं, पण वरचं कव्हर उचलायला घोडा (वजन उचलायचा स्टँड) आणि दोन माणसं लागतात, आणि सिलेंडरला आतून ओरखडा असेल तर नवीन सीलही महिन्यात जातं, म्हणून बोट फिरवून बघा. व्हॉल्व्ह घरी खोलू नका, त्याचं काम नाशिकच्या अंबड-सातपूरच्या हायड्रोलिकवाल्याकडे द्या.

सगळं बसवल्यावर रिकामी लिफ्ट सात-आठ वेळा वर-खाली करून हवा काढा, लेव्हल परत बघून कमी पडलेलं ऑइल भरा, मग वजन लावा. पंप बदललाच असेल तर आठवड्यात जाळी परत एकदा काढा, जुन्या पंपाचा चुरा आत राहिलेला असतो तो तिथंच येऊन बसतो.