मेंटॉर प्राध्यापकांनी प्रशिक्षणाला येण्यापूर्वी करावयाची तयारी

ज्या प्राध्यापकांकडे यंदा मेंटॉर म्हणून विद्यार्थ्यांची जबाबदारी आली आहे आणि जे त्यासाठीच्या तीन दिवसांच्या प्रशिक्षणाला येणार आहेत, त्यांनी येण्यापूर्वी काय वाचावे, सोबत काय आणावे आणि कशाचा सराव करून यावे, याची ही यादी आहे. ती मुद्दे पाडून न लिहिता सलग लिहिली आहे, कारण मुद्द्यांपुढे बरोबरच्या खुणा करत सुटण्याची आपली सवय मला ठाऊक आहे. महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकची समिती येण्याच्या आदल्या आठवड्यात एकाच निळ्या पेनाने, एकाच बैठकीत भरलेल्या मेंटॉर डायऱ्या मी पाहिल्या आहेत. त्यांतल्या काही माझ्याच होत्या.

सर्वात आधी कागद. आपल्या गटातील प्रत्येक विद्यार्थ्याचे प्रवेश वर्ष लिहून काढावे आणि त्या वर्षाच्या तुकडीला लागू असलेली अभ्यासक्रमाची चौकट छापील स्वरूपात जवळ ठेवावी. हे सांगण्याचे कारण असे, की राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आपल्याकडे एकाच दिवशी सर्वत्र आले नाही. राज्य शासनाचा पहिला निर्णय २० एप्रिल २०२३ चा, सुधारित निर्णय १३ मार्च २०२४ चा. स्वायत्त महाविद्यालयांनी २०२३-२४ पासून सुरुवात केली, तर संलग्न महाविद्यालयांनी २०२४-२५ पासून. परिणामी पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाचे कार्यक्षेत्र एका जिल्ह्याइतकेच असले, तरी याच शहरातल्या दोन महाविद्यालयांतील, एकाच गल्लीत राहणाऱ्या दोन मैत्रिणींची मेजर-मायनरची, म्हणजे मुख्य आणि दुय्यम विषयांची, मांडणी वेगवेगळी असू शकते. एकीच्या बाबतीत बरोबर असलेला सल्ला दुसरीच्या बाबतीत चुकतो, आणि त्या दोघी संध्याकाळी तो एकमेकींना सांगतातच.

चौकट वाचताना श्रेयांकांचे, म्हणजे आपण सगळे ज्यांना क्रेडिट म्हणतो त्यांचे, गणित हाताने मांडून पाहावे. पहिल्या वर्षाअखेर ४० ते ४४, दुसऱ्या वर्षाअखेर ८० ते ८८, तिसऱ्या वर्षाअखेर १२० ते १३२ आणि चौथ्या वर्षाअखेर १६० ते १७६ क्रेडिट, आणि त्या त्या टप्प्यावर बाहेर पडल्यास अनुक्रमे प्रमाणपत्र, पदविका, पदवी आणि ऑनर्स पदवी, ही मांडणी बहुतेकांना तोंडपाठ असते. तोंडपाठ असणे हाच यातला धोका आहे. मला अद्याप सलणारी एक चूक इथे सांगतो. घरच्या अडचणीमुळे पहिल्या वर्षानंतर थांबू पाहणाऱ्या एका विद्यार्थ्याला मी व्हरांड्यात उभ्या उभ्या सांगितले, की क्रेडिट पूर्ण आहेत, प्रमाणपत्र मिळेल, काळजी करू नकोस. प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडायचे, तर वर्षाच्या क्रेडिटखेरीज चार क्रेडिटचा कौशल्य अभ्यासक्रम किंवा इंटर्नशिप पूर्ण करावी लागते, हे मी वाचलेले होते, पण त्या क्षणी आठवले नाही. तो कामाला लागला, आणि चार महिन्यांनी प्रमाणपत्र मागायला आला तेव्हा त्याच्या हातात केवळ गुणपत्रिका पडली. पोराने मला एका शब्दाने दुखावले नाही. ‘बरं सर’ एवढेच म्हणून तो गेला. तेव्हापासून नियमाविषयीचा कोणताही प्रश्न मी उभ्याने घेत नाही. कागद समोर उघडतो, त्या ओळीवर बोट ठेवतो आणि ती ओळ विद्यार्थ्यालाच वाचायला लावतो. प्रशिक्षणातल्या पहिल्या दिवसाचा अर्धा वेळ याच सवयीसाठी राखला आहे, म्हणून चौकट मोबाइलवर न आणता कागदावर आणावी.

ही आकडेमोड कोरडी वाटू नये म्हणून आपल्या गटातील एका विद्यार्थ्याची, त्याच्या संमतीने, गेल्या दोन सत्रांची गुणपत्रिका घेऊन यावे; नाव आणि आसन क्रमांक झाकावेत. त्या गुणपत्रिकेवरून तीन गोष्टी शोधाव्यात. पहिली, ओपन इलेक्टिव्ह, म्हणजे आपल्या विद्याशाखेबाहेरचा ऐच्छिक विषय, खरोखर दुसऱ्या विद्याशाखेतले घेतले आहे का, कारण वाणिज्यच्या विद्यार्थ्याने सोपे म्हणून वाणिज्यचेच काही निवडलेले असेल, तर तो घोळ शेवटच्या सत्रात उघड होतो. दुसरी, एटीकेटीचे, म्हणजे नापास होऊनही पुढच्या वर्गात जाताना राहिलेले, विषय कोणत्या सत्रातले आहेत आणि ते पुन्हा कधी देता येतील. तिसरी, मिळवलेले क्रेडिट ऑनलाइन साठवणाऱ्या अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचे त्याचे खाते नुसते उघडलेले आहे, की त्यात क्रेडिट प्रत्यक्ष जमा दिसतात. खाते आहे म्हणून सांगणारे पुष्कळ भेटतात. डिजिलॉकर उघडून पाहिले, की नावाचे स्पेलिंग आधारवर एक आणि दहावीच्या प्रमाणपत्रावर दुसरेच असल्याने आत काहीच नसते. जमा क्रेडिट सात वर्षांपर्यंत ग्राह्य धरले जातात, हे शिक्षण मध्येच सोडू पाहणाऱ्याला आवर्जून सांगावे, परंतु ते जमा झाले आहेत याची खात्री केल्यानंतरच. ‘स्वयं’ या केंद्र सरकारच्या ऑनलाइन व्यासपीठावरील अभ्यासक्रमांविषयीही विचारणा होते. एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम तेथून घेण्याची मुभा विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ मध्ये दिली असली, तरी त्यातला कोणता अभ्यासक्रम आपल्या अभ्यास मंडळाने मान्य केला आहे, हे नोंदणीपूर्वी पाहावे लागते, नंतर नव्हे.

शिष्यवृत्तीचे काम कार्यालयाचे आहे, मेंटॉरचे नाही, असे म्हणणाऱ्या सहकाऱ्यांशी मी आता वाद घालत नाही; मात्र प्रशिक्षणाला येण्यापूर्वी त्यांनी एकदा महाडीबीटीच्या, म्हणजे राज्य शासनाच्या शिष्यवृत्ती पोर्टलच्या अर्जांच्या, खिडकीशी अर्धा तास उभे राहावे, एवढी विनंती करतो. सोलापुरात मुले कॉलेज सोडतात ती बऱ्याचदा विषय न कळल्याने नव्हे, तर पैशाच्या एखाद्या हप्त्यापायी, आणि तो हप्ता अडतो आधार-सीडिंग न झालेल्या, म्हणजे आधारशी न जोडलेल्या, बँक खात्यापायी किंवा ‘सेंड बॅक’ झालेल्या, म्हणजे दुरुस्तीसाठी परत आलेल्या, आणि कोणी न पाहिलेल्या अर्जापायी. म्हणून गटातील प्रत्येकाचा अर्ज कोणत्या टप्प्यावर थांबला आहे, एवढे तरी वहीत असावे. या शहराची एक खास बाब इथे नोंदवतो. विडी कामगारांच्या पाल्यांसाठी केंद्रीय श्रम मंत्रालयाची शिष्यवृत्ती आहे आणि तिचा अर्ज महाडीबीटीवर नव्हे, तर नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर भरावा लागतो. ज्या शहरात हजारो बायका घरी बसून विड्या वळतात, तिथल्या मेंटॉरला आईचे विडी कामगार ओळखपत्र कशासाठी जपून ठेवायचे, हे माहीत असायला हवे. मुलींच्या शुल्कमाफीबद्दलही नीट वाचून यावे. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयातली शंभर टक्के सवलत केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमांना प्रवेश घेतलेल्या, वार्षिक कौटुंबिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या, आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींसाठी आहे. ‘मुलींना सगळं फुकट झालंय’ हे वाक्य बसमध्ये ऐकू आले, तर ते तिथेच सोडून द्यावे.

आता संवादाचा भाग, ज्यासाठी दुसरा पूर्ण दिवस दिला आहे. शैक्षणिक सल्लागार हा स्वतंत्र व्यवसाय म्हणून अमेरिकेत रुजला. तेथील सल्लागारांची ‘नाकाडा’ ही संघटना १९७९ पासून काम करते आहे आणि तिने २०१७ मध्ये सल्लागाराच्या क्षमतांचे तीन भाग सांगितले: कामामागची संकल्पना समजणे, माहिती असणे आणि नाते जोडता येणे. आपल्याकडे त्यासाठी वेगळे पद नसते. आठवड्याला वर्गात सोळा-अठरा तास घेणाऱ्या प्राध्यापकानेच ते करायचे असते, त्यामुळे तिथली सगळी पद्धत उचलून आणण्यात अर्थ नाही. पण ही तीन भागांची विभागणी कामाची आहे, कारण आपली प्रशिक्षणे बहुधा मधल्या भागावर संपतात. क्रुकस्टन या अमेरिकी अभ्यासकाने तर १९७२ मध्येच, डॉक्टरने औषध लिहून द्यावे तसा सल्ला देणे आणि विद्यार्थ्याला स्वतःचा निर्णय घडवायला मदत करणे, यांत फरक केला होता. औषध लिहून देणे आपल्याला जास्त जमते. समोरचा बोलू लागला, की तिसऱ्या वाक्याला आपले ‘असं कर’ सुरू होते.

सरावासाठी प्रत्येकाने एक खरा प्रसंग, ओळख पटणार नाही अशा बेताने, अर्ध्या पानात लिहून आणावा. नमुन्यादाखल माझा एक देतो. दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी माझ्याकडे आली आणि म्हणाली, “सर, मला मायनर बदलायचंय.” मी अर्ज काढायला ड्रॉवर उघडला होता. सहज विचारले, “अर्थशास्त्र अवघड जातंय का गं?” ती म्हणाली, “नाही सर, आवडतंय. पण त्याचा तास तीनला आहे.” मग गप्प. मीही गप्प राहिलो, हे माझे त्या दिवसातले एकमेव शहाणपण. थोड्या वेळाने बोटांवर सुकलेली तंबाखूची भुकटी अंगठ्याने घासत ती म्हणाली, “तीनला घरी पोचले नाही तर आईच्या विड्या संध्याकाळपर्यंत पुऱ्या होत नाहीत.” तिला मायनर बदलायचे नव्हते, तासाची वेळ बदलायची होती, सकाळच्या तुकडीत तिला बसू देण्यास विभागप्रमुखांची सही लागली आणि दोन दिवस गेले. अर्ज भरून दिला असता तर दहा मिनिटांत काम झाले असते आणि आवडता विषय गेला असता. प्रशिक्षणात जोड्या करून असे प्रसंग वठवून घेतले जातील, त्यात एकजण केवळ घड्याळ लावून मेंटॉर किती वेळ बोलला हे मोजेल. हा प्रकार अपमानास्पद वाटतो, अशी तक्रार दरवर्षी येते. मीही पहिल्यांदा मोजमाप करून घेतले तेव्हा दहापैकी सात मिनिटे मीच बोलत होतो.

भाषेची तयारी वेगळी सांगायला हवी, कारण ती कोणत्याच परिपत्रकात नसते. सोलापूर शहराच्या पूर्व भागातल्या अनेक घरांत तेलुगू बोलली जाते, अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरकडच्या मुलांच्या घरी कन्नड असते, शहरात उर्दू माध्यमातून आलेली मुले आहेत, आणि आपण त्यांच्याशी ‘सेमिस्टर’, ‘बकेट’, ‘लॅटरल एंट्री’ अशा शब्दांत बोलतो. तेलुगू किंवा कन्नड शिकून या, असे कोणी म्हणत नाही. परंतु मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, कौशल्य अभ्यासक्रम आणि प्रत्यक्ष कार्यप्रशिक्षण हे पाच शब्द अडाणी पालकालाही कळतील अशा साध्या मराठीत, प्रत्येकी दोन वाक्यांत सांगण्याचा सराव घरी मोठ्याने करून यावा. एखादा पालक भेटीला आला आणि मुलगा मध्ये दुभाषाचे काम करत असेल, तर मुलाने काय गाळले हे आपल्याला कळत नाही, हे लक्षात ठेवून शक्य झाल्यास ती भाषा येणाऱ्या सहकाऱ्याला बोलवावे.

काही गोष्टी आपल्या आवाक्याबाहेरच्या आहेत आणि त्या ओळखण्याचीही तयारी लागते. विद्यार्थ्याने जगण्याचा कंटाळा आल्याचे सुचवले, तर समजूत घालत बसू नये. त्याला एकटे सोडू नये, सरळ शब्दांत विचारावे आणि मदतीशी जोडून द्यावे. टेली-मानस ही शासनाची मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र चालते; तो क्रमांक आजच फोनमध्ये साठवावा. सिव्हिल हॉस्पिटलच्या मानसोपचार विभागाची बाह्यरुग्ण वेळ प्रत्यक्ष जाऊन विचारून घ्यावी, कारण घाबरलेल्या मुलाला ‘सिव्हिलला जा’ म्हणणे आणि ‘उद्या माझ्याबरोबर या खोलीत चल’ म्हणणे, यांत फार अंतर आहे. रॅगिंगची तक्रार असेल तर १८००-१८०-५५२२, लैंगिक छळाची असेल तर महाविद्यालयाची अंतर्गत समिती, आणि प्रवेश, शुल्क किंवा निकालाविषयीची असेल तर २०२३ च्या नियमांनुसार नेमलेली विद्यार्थी तक्रार निवारण समिती व तिच्यावरचे लोकपाल. या समित्यांतील सध्याच्या सदस्यांची नावे आपल्या महाविद्यालयाच्या फलकावरून उतरवून आणावीत. दोन वर्षांपूर्वी सेवानिवृत्त झालेल्यांची नावे फलकावर आढळली, तर तेही लिहून आणावे.

नोंदींबद्दल थोडक्यात. डायरीत भेटीची तारीख, विषय, दाखवलेला नियम आणि ठरलेली पुढची पायरी एवढेच लिहावे. ‘आळशी’, ‘प्रेमप्रकरण’, ‘घरचे वातावरण वाईट’ असे शेरे लिहू नयेत, कारण ती डायरी तपासणीला जाते आणि टेबलावर उघडी राहते. ‘हे कुणालाही सांगणार नाही’ असे सरसकट वचन देऊ नये. जिवाला धोका असेल तर मला सांगावे लागेल, हे आरंभीच बोलून टाकावे. गटाचा व्हॉट्सॲप ग्रुप सूचनांपुरता ठेवावा. कोणाचे किती विषय राहिले, याची यादी त्यावर टाकणारे सहकारी हेतूने वाईट नसतात, पण त्या दिवसापासून त्यांच्याकडे कोणी येत नाही.

शेवटी येताना वर्षाचे एक रिकामे कॅलेंडर आणावे. त्यावर परीक्षा अर्जाची मुदत, शिष्यवृत्तीची मुदत आणि विषयबदलाची मुदत आपण एकत्र बसून भरू, आणि त्यानंतर भेटीचे आठवडे ठरवू. आषाढी वारीच्या दिवसांत पंढरपूर, माळशिरसकडची मुले गावी अडकतात, ऊसतोडीच्या हंगामात काहींवर धाकट्या भावंडांना सांभाळायची वेळ येते, आणि संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा सुरू झाली, की निम्मे शहर होम मैदानावर असते. त्या आठवड्यात भेट ठेवून हजेरी शून्य लागली, तर विद्यार्थ्यांना बोल लावू नये.