सेंट्रल लायब्ररीच्या इमारतीचा इतिहास लिहायचा तर

पहिली गफलत होते ती सालाची. बडोद्याची सेंट्रल लायब्ररी १९१० ची. शहरातल्या मांडवी भागातली आजची इमारत १९३१ ची. संस्था आणि वास्तू यांच्या सनावळ्या पहिल्या दिवसापासून दोन वेगळ्या वह्यांत ठेवा.

संस्थेच्या वहीत सयाजीराव महाराज (तिसरे), त्यांनी अमेरिकेहून बोलावलेले ग्रंथपाल विल्यम बोर्डन आणि राजवाड्यातून आलेली सुमारे २०,००० पुस्तके. जुन्या पुस्तकांचे शिक्के आणि दाखल नोंदवहीतले क्रमांक ताडून पाहा. शिक्का बदलला की पुस्तकाचा मालक किंवा मुक्काम बदललेला असतो.

इमारतीसाठी बडोदा संस्थानाचे वार्षिक प्रशासन अहवाल काढा. त्यांचे वर्ष १ ऑगस्ट ते ३१ जुलै असे. म्हणजे १९३०-३१ च्या अहवालातले काम १९३० च्या पावसाळ्यातलेही असू शकते. नुसता अहवाल पाहून १९३१ लिहू नका.

खरी ठेच लागते ती तिथीला. मराठी कागदात शक असेल तर चैत्रापासून डिसेंबरअखेर ७८ मिळवा, जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंत ७९. गुजराती कागदातला विक्रम संवत मात्र दिवाळीच्या पाडव्याला बदलतो: कार्तिकापासून डिसेंबरअखेर ५७ वजा, पुढे ५६. संवत १९८७ चा कार्तिक १९३० मध्ये येतो, त्याच संवताचा चैत्र १९३१ मध्ये. गुढीपाडव्याच्या सवयीने मोजणारा मराठी माणूस इथे हमखास वर्षभर चुकतो. म्हणून मूळ तिथी जशीच्या तशी लिहा आणि इसवी सन शेजारी कंसात द्या. मोडीतला आकडा शंकास्पद वाटला तर त्याच हाताने लिहिलेला दुसरा आकडा शोधून ताडा.

मग वास्तू. पुस्तकांच्या मजल्यांवर लोखंडी मांडण्या आणि काचेची जमीन आहे. उजेड वरून खाली झिरपावा आणि आगीचा धोका कमी व्हावा, ही त्यामागची योजना. पायाखालची ती जाड काच नीट पाहण्यासारखी आहे. फोटो परवानगीने, भर दिवसा, दिवे बंद करवून घ्या, म्हणजे ती योजना फोटोत दिसेल. कोरीव पाटी वाचायला टॉर्च बाजूने, दगडाला जवळजवळ टेकवून धरा. अक्षरांत खडू भरू नका, तो दगडाच्या छिद्रांत राहतो. कागदांजवळ फक्त पेन्सिल, आणि पान उलटताना बोट ओले करायचे नाही.